बहात्तर हजार पाचशे लिटर तांबडं पाणी

आमच्या घरात पाणी तीन प्रकारचं होतं. नळाचं पाणी पहाटे सव्वापाचला येई आणि सहाच्या आत जाई. ते प्यायचं आणि चहाचं. विहिरीचं पाणी आंघोळीला, धुण्याला, भांड्यांना आणि झाडांना. तिसरं पाणी स्विमिंग पुलातलं. ते आमचं नव्हतं, पण आमचा बराचसा दिवस त्याच्याभोवती जाई. मढला समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. बाबा त्या बंगल्याचे केअरटेकर. गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षं त्यांनी मिळेल ते काम केलं आणि मग हे काम मिळालं. पगारापेक्षा त्या दोन खोल्यांसाठी ते त्यांनी धरलं होतं. नोकरी आहे तोवर छप्पर, नोकरी गेली की छप्परही गेलं, हे आमच्या घरात कोणी बोलत नसे, पण मला ते सातवी-आठवीपासून नीट माहीत होतं.

मालक शहरात राहत. त्यांना सगळे शेट म्हणत. ते वर्षातून चार-सहा दिवस येत. बाकी वेळ बंगला शूटिंगला भाड्याने जाई. त्या दिवाणखान्यात मी अकरा लग्नं आणि तीन खून पाहिले. एक आजोबा तर सकाळपासून दुपारपर्यंत मरत होते. मेल्यावर ते आमच्या दाराशी आले आणि आईकडे ताक मागून प्यायले. आईने त्यांना सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी दिली. शूटिंग असलं की जनरेटर दिवसभर घरघरत राही. शूटिंग नसलं की पहाटे खाडीतून निघणाऱ्या होड्यांच्या इंजिनांचा आवाज, दुपारी नारळाच्या झावळ्यांचा आणि संध्याकाळी बाबांनी चालू केलेल्या पंपाचा. पंपाचा आवाज बदलला की मी पुस्तक ठेवून उठायची. पाण्याची पातळी खाली गेली की तो जरा उंच सूर लावतो. अजूनही आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत पंप तसा ओरडायला लागला की मी चप्पल घालून खाली जाते. लोकांना वाटतं सेक्रेटरीबाईंना दुसरा उद्योग नाही.

विहीर बंगल्याच्या आवारात होती, पण नुसती बंगल्याची नव्हती. जमीन ज्या ख्रिस्ती कुटुंबांकडून घेतली, त्यांनी विकताना विहिरीवरचा गावाचा हक्क राखून ठेवला होता. म्हणून कंपाउंडच्या भिंतीत विहिरीजवळ एक ठेंगणं लाकडी दार होतं आणि त्याची कडी बाहेरून, गावाच्या बाजूने होती. आतून ते बंद करायची सोयच नव्हती. मागच्या वाडीतली पंधरा घरं त्या दाराने येऊन पाणी नेत. त्यातलं पहिलं घर रेजिना मावशीचं. तिचा नवरा बोटीवर जाई आणि ती स्वतः मासळीच्या बाजारात बसे. तिची मुलगी फिलू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण आमची अरे-तुरेची मैत्री. त्या मे महिन्यात फिलूचं लग्न ठरलं होतं. वाडीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या घरच्या बायका बँड लावून विहिरीवर येतात, पाणी भरून नेतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. फिलूच्या आजीचं, आईचं, आत्यांचं पाणी त्याच विहिरीतून गेलं होतं.

आता चूक कुठे सुरू झाली ते सांगते. पूल दरवर्षी टँकरने भरत. त्या वर्षी टँकर मिळेनात आणि एक मोठं शूटिंग ठरलं होतं; एका गाण्यात नायिका पुलात पोहणार होती. शेटनी फोनवर सांगितलं, विहिरीतून भरा. बाबांना ते पटलं नाही. मे महिना, पंधरा घरं, आणि समुद्र शंभर पावलांवर. शेजारच्या बंगल्याची विहीर अशीच बेफाम उपसून खारी झाली होती, ती चार पावसाळे झाले तरी गोडी झाली नव्हती. बाबा दोन दिवस नुसते घुटमळत राहिले. तेव्हा मी वही काढली. अकरावी संपली होती, गणितात माझा वर्गात दुसरा नंबर होता आणि त्याचा मला फार माज होता. पूल बत्तीस फूट लांब, सोळा रुंद; खोली एका टोकाला साडेतीन, दुसऱ्या टोकाला साडेसहा, म्हणजे सरासरी पाच. झालं बहात्तर हजार पाचशे लिटर. विहिरीचा व्यास बारा फूट, एका फुटाला बत्तीसशे लिटर. रोज चार तास पंप चालवला तर विहीर साडेचार फूट उतरते आणि दुसऱ्या सकाळपर्यंत परत भरते. हे मी दोरीला गाठी मारून दोन दिवस मोजलं होतं. पाच दिवसांत पूल भरेल आणि विहिरीला काही होणार नाही.

बाबा ती वही घेऊन मावशीकडे गेले. मीही गेले. मावशी अंगणात लग्नाच्या मसाल्यासाठी मिरच्या वाळत घालत होती. मी तिला गाठी, फूट, लिटर सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकलं आणि बाबांकडे पाहिलं.

"शनवारी पोरीचं पाणी हाय," ती म्हणाली.

"सोमवारी पंप बंद. त्यानंतर पोरीचं लग्न होईपर्यंत मी विहिरीला हात लावणार नाय," बाबा म्हणाले.

"मग भरा."

गुरुवारी पंप सुरू केला, सोमवारी संध्याकाळी बंद केला. माझा हिशेब चार बोटांनीसुद्धा चुकला नाही. पाणी असं नितळ होतं की खोल टोकाच्या तळाच्या फरशांमधल्या रेघा मोजता येत. मी दोनदा मोजल्या.

मंगळवारी चारच्या सुमारास पावडर टाकायची होती. बाबा ब्लीचिंग पावडर डब्याने, अंदाजाने टाकत. मी ती तोलून घेतली, बादलीत कालवली, वरचं निवळ पाणी कडेकडेने ओतत पुलाला एक फेरी मारली आणि फिल्टरचा पंप चालू केला. पाव तासात पाणी पिवळं दिसायला लागलं. आधी मला वाटलं ऊन उतरलंय म्हणून. अर्ध्या तासात ते चहासारखं झालं, बिनदुधाच्या. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच बसलं की पाण्यात घाण आहे आणि पावडर कमी पडली. बाबा बंगल्याचे दिवे दुरुस्त करायला कोळीवाड्यातून वायरमन आणायला गेले होते. मी कोणाला न विचारता तेवढीच पावडर आणखी टाकली. बाबा परत आले तोवर पुलाची पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती.

बाबा काठावर उभे राहिले. ते ओरडणारे नव्हतेच. त्यांनी चपला काढल्या, पायरीवर उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, आणि ओंजळ सोडून दिली.

"किती टाकलीस?"

मी आकडा सांगितला.

"दोन्ही वेळचा सांग," ते म्हणाले. पावडरीचा डबा त्यांनी येता येता पाहिला होता.

आई भांडी घासत होती तिथून उठून आली. चिडली की ती सरळ मालवणीत जाई. "ह्या पाण्याची चाय काळी पडता म्हणून मी नळाचा पाणी भरून ठेवतंय. धुवलेली चादर पिवळी पडता. पाच वरसां बोंबलतंय. माका कोणी इचारल्यान?" खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी विहिरीचा व्यास मोजला, खोली मोजली. विहिरीचं पाणी रोज हाताळणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारला नाही. माझ्या वहीत पाणी किती हे होतं, कसलं हे नव्हतंच.

बुधवारी दिवसभर फिल्टर चालवला. रंग केसभरही हलला नाही. मला बसवेना. मी दर दहा मिनिटांनी पुलाकडे, तिथून विहिरीकडे, तिथून परत. शेवटी दोन बादल्या घेतल्या. एकीत पोहऱ्याने विहिरीचं वरचं पाणी काढलं, दुसरीत पंपाच्या पाइपातलं खालचं. दोन्ही सारखीच नितळ. दोन्हीत चिमूटभर पावडर टाकली. पोहऱ्याच्या बादलीत जरासा पिवळेपणा आला; पंपाची बादली दहा मिनिटांत तांबडी झाली. मग बाबांनी सांगितलं की विहिरीच्या तळाला पूर्वी एक बोअर मारलाय. पंप तासन् तास चालला की पाणी त्या बोअरमधून, खोलवरून येतं. त्यात लोखंड विरघळलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण क्लोरिन लागला की ते गंजतं आणि गंजाचा बारीक गाळ पाण्यात तरंगत राहतो, इतका बारीक की फिल्टरच्या वाळूतून सुटतो. आज आमच्या सोसायटीत मी हे चार वाक्यांत सांगते आणि लोक माना डोलावतात. त्या बुधवारी ते मला दोन बादल्यांसमोर उकिडवं बसून कळलं. कळून उपयोग काहीच दिसत नव्हता.

दुपारी त्या शनिवारच्या शूटिंगचा मॅनेजर जागा पाहायला आला. सडपातळ, गळ्यात घाम पुसायचा टॉवेल, बोलायला गोड माणूस. पुलाकडे पाहून तो जागच्या जागी थांबला.

"चाचा, ये क्या है? पूल बोला था, आपने टपरी खोल दी."

"शनिवारपर्यंत साफ होईल," बाबा म्हणाले.

"कसा होईल? मॅडम इसमें उतरेगी? बाहर आएगी तो लोग बोलेंगे हल्दी का सीन है." तो हसला, पण हसत हसत आत गेला आणि दिवाणखान्यातल्या फोनवरून त्याने शेटना सांगितलं. मग रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. शेटचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. बाबांनी बोअरचं सांगायला सुरुवात केली.

"मला गोष्ट नको सांगू. पाणी सोडून दे, परत भर. दवा टाकूच नको, दोन दिवसांत काय शेवाळ येत नाय. कमी पडलं तर दोन टँकर बघतो."

"शेट, विहीर आटेल. वाडीत लग्न आहे."

"विहीर कोणाच्या कंपाउंडमध्ये आहे? उद्या सकाळी मला फोन कर, पाणी सोडलं म्हणून. नायतर दुसरा माणूस बघतो."

यात शेटचं चुकत नव्हतं, हे मला आजही प्रामाणिकपणे लिहायला हवं. पावडर न टाकता भरलेलं पाणी शनिवारी खरंच नितळ दिसलं असतं. शूटिंग झालं असतं, सगळे खूश. फक्त विहीर गेली असती. विहिरीत तेव्हा नऊ फूट पाणी होतं, एकोणतीस हजार लिटर. पूल भरायला त्याच्या अडीचपट लागलं असतं, तेही एका दिवसात. विहीर तळापर्यंत रिकामी झाली की मागून येणारं पाणी समुद्राचं. हे सांगायला वहीची गरज नव्हती, शेजारच्या बंगल्याची विहीर डोळ्यांसमोर होती.

संध्याकाळी बाबा पंपाच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसले. आईने कुळथाची पिठी आणि भात वाढला होता, तो कोणी नीट जेवलं नाही. भिंतीपलीकडे मावशीच्या घरी फुग्यांच्या, म्हणजे लग्नात तळतात त्या गोल पावांच्या, पिठाची तयारी चालली होती, मुलं बँडवाल्यांची नक्कल करत पत्र्याचे डबे वाजवत होती. आई म्हणाली, "सोडा पाणी. उद्या ह्या घरातसून भायर काढल्यानी तर खय जातलो? कांदिवलीत तुमचो भाव चार दिस ठेवतलो, पाचव्या दिसाक भावजय तोंड फिरवतली." ती वाईट बाई नव्हती. महिनाभर आधी तिने फिलूच्या साड्यांना फॉल लावून दिले होते. तिला फक्त हिशेब करता येत होता, माझ्यापेक्षा सरळ.

"उद्या दुपारी बारापर्यंत मला द्या," मी म्हणाले.

"तुला आधीपण दिलं होतं," बाबा म्हणाले. मग कट्ट्यावरून उठता उठता, "बारा म्हणजे बारा."

मला ठाऊक होतं ते एवढंच की पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आई हंड्यात तुरटी फिरवते. पण किती तुरटी? अंदाजाने टाकायची माझी हिंमत संपली होती. आईच्या लोणच्याच्या सहा रिकाम्या काचेच्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीत पुलातलं एक लिटर पाणी. दहा ग्रॅम तुरटी एका लिटरात विरघळवली. त्यातला एक चमचा म्हणजे पन्नास मिलिग्रॅम. पहिल्या बरणीत अर्धा चमचा, मग एक, मग दीड. पुढच्या तिनांत तेच प्रमाण, पण आधी चिमूटभर धुण्याचा सोडा, कारण रसायनाच्या पुस्तकात तुरटीचं पाणी आंबट होतं असं वाचल्याचं आठवत होतं. बरण्या खिडकीत एका ओळीत ठेवल्या आणि आडवी झाले. पहाटे नळ आला तेव्हा उठून पाहिलं. बाकी बरण्या कमी-जास्त गढूळ होत्या. पाचवी, सोडा आणि एक चमचा तुरटीची, वरून नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ आणि तळाशी बोटभर तांबडा कापूस. मी आईला हाक मारली. तिने बरणी न हलवता नुसती वाकून पाहिली आणि बाबांना उठवायला गेली.

बाबांनी बरणीकडे बराच वेळ पाहिलं. मग ते फोनकडे गेले. मी मागे उभी. शेटनी विचारलं असावं, पाणी सोडलं का. बाबा म्हणाले, "काम सुरू केलंय, शेट. शनिवारी पूल तयार असेल." ते खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. रिसीव्हर ठेवल्यावर त्यांनी हात शर्टला पुसला.

बहात्तर हजार पाचशे लिटरला तीन किलो सहाशे ग्रॅम तुरटी. वाण्याकडे एवढी नव्हती, बाबा सायकलवरून दोन दुकानं जास्त फिरले. आधी सोडा, मग तासाभराने तुरटीचं पाणी, बादली बादली करून सगळीकडे सारखं. अर्धा तास पंपाने फिरवलं आणि सगळं बंद केलं. आता पाण्याला हात लावायचा नाही. गाळाचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात. त्यांना फक्त शांतता लागते.

तीच माझ्याकडे नव्हती. पाणी किती निवळलं ते नुसतं बघून समाधान होईना, म्हणून मी एका पांढऱ्या ताटाला मधोमध भोक पाडून दोरी बांधली. ताट पाण्यात सोडायचं आणि किती खोलीवर दिसेनासं होतं ते गाठीवर मोजायचं. दीडला नऊ बोटं. पावणेदोनला अकरा. दोनला चौदा. मी वहीत लिहीत होते आणि आनंदाने परत ताट सोडत होते. अडीचला दहा. पावणेतीनला आठ. मला रडू यायला लागलं. मी पंपाची खोली पाहिली, पंप बंदच होता. तुरटी कमी पडली का म्हणून उरलेला चुरा हातात घेतला आणि पुलाकडे निघाले.

आई तिथे उभी होती. तिने आधी माझी मूठ उघडली आणि तुरटी काढून घेतली. मग काठावर टांगलेलं ताट.

"पाणी बसतासा, तू तेका सारख्या उठवतंस," ती म्हणाली. "घरात चल. कांदे सोल."

"पण मला मोजायला..."

"मोजलंस नाय तर काय पाणी बसाचा ऱ्हवतला?"

मी घरात गेले. सव्वादोन किलो कांदे सोलले. लग्नघरचे होते, आईने मुद्दाम मागून आणले होते. रेजिना मावशीला पुलाबद्दल काही सांगायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं, आणि मी तिचेच कांदे सोलत बसले होते. तीन-चार वेळा उठले. प्रत्येक वेळी आईने नुसती मान हलवली आणि मी बसले. इतकी वर्षं झाली, मुलं मोठी झाली, त्यांच्या परीक्षा, नवऱ्याचं ऑपरेशन, सगळं झालं. काही न करता बसणं मला त्या दुपारएवढं कठीण पुन्हा गेलं नाही.

शुक्रवारी उजाडताना तळ दिसत होता. फरशा नाही, फरशांवर पसरलेला तांबडा थर, भाताच्या खळ्यावर कोंडा पसरावा तसा, आणि त्याच्या वर निळसर पाणी. बाबांनी सक्शनचा पाइप फिल्टरकडे न जोडता सरळ बाहेर, नारळांच्या आळ्यांत सोडला. मग त्या पाइपाच्या तोंडाला लावलेला लांब दांडीचा झाडू तळावरून असा फिरवायला घेतला की लांबून तो हलतोय हेच कळू नये. जरा घाई केली की ढग उठे आणि तासभर थांबावं लागे. सकाळी सातला सुरू केलं, दुपारी साडेचारला संपलं. बाबा मध्ये फक्त एकदा पाणी प्यायला थांबले. आळी तांबडी झाली आणि पूल एक फुटाने उतरला. चौदा हजार पाचशे लिटर गेलं होतं. वरच्या निळ्या फरशांची एक ओळ पाण्याबाहेर उघडी पडली.

"चार तास पंप," मी म्हणाले. मी फक्त आकडा सांगत होते.

"नाय," बाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी गाड्या आल्या. मॅनेजरने पूल पाहिला, गुडघे टेकून पाण्यात हात घातला आणि बाबांना म्हणाला, "चाचा, जादू किया." गाणं झालं. नायिका सतरा वेळा पाण्यात उतरली. शेट अकराला आले. ते पुलाच्या काठाने चालले, उघड्या फरशांपाशी थांबले.

"नवीन भरलं तर फूटभर कमी कसं?"

मी आईच्या मागे उभी होते. बाबा म्हणतील टँकर आला नाही, असं मला वाटलं. मी तेच म्हटलं असतं.

"नवीन नाय भरलं, शेट. तेच पाणी साफ केलं. विहिरीला हात नाय लावला."

"मी काय सांगितलं होतं?"

"सोडायला."

शेटनी आवाज चढवला नाही. पाणी तर छान झालंय, असंही ते म्हणाले. मग म्हणाले, "पण मी सांगतो ते न करणारा माणूस मला नको. महिनाभरात खोल्या रिकाम्या करा." आणि ते शूटिंग बघायला पुढे गेले. बाबा आमच्याकडे वळले. "आज संध्याकाळी कोणी काय बोलायचं नाय," ते म्हणाले. "पोरीचं पाणी आहे." आईने बाबांचा धुतलेला शर्ट दोरीवरून काढला आणि इस्त्रीला घेतला.

सहाला बँड वाजायला लागला. भिंतीतल्या दाराची कडी बाहेरून निघाली आणि एकेक करून सगळ्या आत आल्या. दार ठेंगणं, म्हणून प्रत्येकीला वाकावं लागत होतं. बायका लुगड्यांत, केसांत फुलं, कळश्या डोक्यावर. कोणी रीतीप्रमाणे विहिरीत साखर टाकली. फिलूच्या आत्येने पोहरा सोडला आणि तो भरलेला वर आला तेव्हा बँडवाल्यांनी एकदम सूर चढवला. बाबा चपला काढून जरा लांब उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. मला राहवेना. मी मावशीच्या शेजारी गेले आणि सगळ्या गोंगाटात तिला सांगून टाकलं: पूल तांबडा झाला होता, विहीर उपसायची वेळ आली होती, ती खारी झाली असती.

"मावशी, मी तुला वहीत दाखवलं ना, ते अर्धंच होतं. माझ्यावर विश्वास ठेवून तू हो म्हणालीस."

मावशी हसली. तिच्या हातात भरलेली कळशी होती.

"तुजे आकडे मना कवा कलले गो? तुजा बापूस बोलला म्हणून हो बोलली." आणि मग माझ्याकडे नीट पाहून, "रडतेस कशाला? फिलू काय लांब चाललीय? मालाडला तर चाललीय. तू हायेस, तुजी आय हाय, मी काय एकटी पडते का?"

तीस दिवस, हा आकडा माझ्या तोंडापर्यंत आला होता. मी तो गिळला, तिच्या हातातली कळशी घेतली आणि दारातून वाकून तिच्यामागे वाडीत गेले.